आकडा जिथे आहे, हिशेब तिथेच

दस्तऐवजी डेटाबेसमध्ये एक नोंद म्हणजे एक सबंध दस्तऐवज असतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा घेतला, तर कास्तकाराचे नाव, गाव, गट क्रमांक, पीक, जमिनीचा प्रकार, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, बँक खाते आणि मंजूर रक्कम हे सगळे रकाने एकाच दस्तऐवजात राहतात. यातले बहुतेक रकाने बाहेरून भरले जातात. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर जाऊन क्षेत्र लिहितात, खाते क्रमांक पासबुकावरून येतो. मंजूर रक्कम मात्र कोणी बांधावर मोजत नाही. ती बाधित क्षेत्र, जमिनीचा प्रकार आणि टक्केवारी या शेजारच्याच रकान्यांवरून ठरते. एका रकान्याचे मूल्य त्याच दस्तऐवजातल्या दुसऱ्या रकान्यांवरून काढून जागच्या जागी लिहायचे, असे हे काम आहे.

हे काम कसे करावे याबद्दल एक मत प्रोग्रामर मंडळींत खोलवर रुजले आहे. दस्तऐवज एकेक करून बाहेर काढा, प्रोग्रामात गणित करा, परत आत लिहा. असा लूप सर्वांना वाचता येतो. डेटाबेसचे काम साठवण्याचे, हिशेबाचे काम प्रोग्रामचे. दस्तऐवजी डेटाबेस अशा गणितासाठी बनलेलाच नाही. ज्याला रकान्यांची बेरीज-वजाबाकी करायची असेल त्याने एसक्यूएलचा डेटाबेस घ्यावा. शिवाय दुसऱ्या रकान्यांवरून निघणारा आकडा साठवायचाच कशाला, वाचताना काढता येतो. हे मत शिकवणी वर्गांत शिकवले जाते, कंपन्यांत नव्या मुलांना सांगितले जाते, आणि एकाने लिहिलेला लूप दुसरा जसाच्या तसा उचलतो. त्यातला एकही मुद्दा तपासणीला टिकत नाही.

तपासणीसाठी खरा प्रसंग घेणे बरे. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. रुक्मिणीचे माहेर आणि भीष्मक राजाची राजधानी म्हणून हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. शेतीच्या दृष्टीने ते नदीकाठचे शिवार आहे, आणि अशा शिवाराला अतिवृष्टीचे वर्ष म्हणजे पंचनाम्याचे वर्ष. २०२२च्या जुलैत विदर्भात अतिवृष्टी झाली. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने मदतीचे निकष बदलले. जिरायत पिकांसाठी हेक्टरी ६,८०० रुपये मिळत होते, ते १३,६०० झाले. बागायतीचे १३,५०० होते ते २७,०००, आणि संत्र्यासारख्या बहुवार्षिक पिकांचे १८,००० होते ते ३६,००० झाले. क्षेत्राची कमाल मर्यादा दोन हेक्टर होती, ती तीन हेक्टर करण्यात आली. सरकारी यंत्रणा हा हिशेब कोणत्या डेटाबेसवर करते हा इथला विषय नाही. हजारो पंचनाम्यांचे दस्तऐवज आधीच भरलेले आहेत, नियम बदलला आहे आणि प्रत्येक दस्तऐवजातली रक्कम त्यातल्याच रकान्यांवरून नव्याने काढायची आहे, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. विषयाचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागत नाही.

लूपचे मत जन्माला आले तेव्हा त्याला कारण होते, हे नोंदवले पाहिजे. मोंगोडीबी हा दस्तऐवजी डेटाबेस २००९ साली बाहेर आला. त्याच्या अपडेटच्या आज्ञेत ठरावीक आकडा मिळवणे, ठरावीक आकड्याने गुणणे, ठरावीक मूल्य बसवणे एवढीच सोय बरीच वर्षे होती. शेजारच्या रकान्याचे मूल्य उचलून इथे वापर, असे त्याला सांगताच येत नव्हते. त्या काळात लूपला पर्याय नव्हता, किंवा सबंध कलेक्शन, म्हणजे दस्तऐवजांचा संच, टप्प्याटप्प्याच्या पाइपलाइनीतून काढून नव्याने लिहावे लागे. ऑगस्ट २०१९मध्ये ४.२ ही आवृत्ती आली आणि अपडेटच्या आज्ञेत अ‍ॅग्रिगेशन पाइपलाइन लिहिण्याची सोय झाली. त्या दिवशी कारण संपले, मत तेवढे उरले. आज जो लूप शिकवतो, तो एका गेलेल्या अडचणीवरचा उपाय अजून विकत आहे.

पाइपलाइनीचे अपडेट चालते कसे? आज्ञेचे दोन भाग असतात. पहिला भाग कोणते दस्तऐवज घ्यायचे ते ठरवतो. दुसऱ्या भागात चौकोनी कंसात एकामागून एक टप्पे येतात. रकाना बसवण्याचा ‘सेट’ हा टप्पा सर्वांत जास्त लागतो. रकाना काढून टाकणे, निवडक रकाने ठेवणे आणि दस्तऐवज पूर्ण बदलणे यांचेही टप्पे आहेत. रकान्याच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह लावले की ते नाव न राहता त्या रकान्यातले मूल्य होते. पंचनाम्याच्या प्रसंगात पहिल्या ‘सेट’ टप्प्यात दोन रकाने बसतात: देय क्षेत्र, म्हणजे बाधित क्षेत्र आणि तीन यांतले लहान, आणि दर, म्हणजे जमिनीच्या प्रकारानुसार १३,६००, २७,००० किंवा ३६,०००. दुसऱ्या टप्प्यात रक्कम बसते: नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर देय क्षेत्र गुणिले दर, नसेल तर शून्य. आज्ञा एवढीच. प्रत्येक दस्तऐवज आपल्याच रकान्यांवरून आपली रक्कम काढतो.

टप्पे दोन का, याचे उत्तर इथेच दिले पाहिजे, कारण नवशिक्यांची सर्वाधिक फसगत याच जागी होते. एका टप्प्यातल्या सगळ्या पदावल्या, म्हणजे मूल्य काढणारी सूत्रे, त्या टप्प्यात शिरलेला दस्तऐवज पाहतात. त्याच टप्प्यात शेजारी बसवलेले नवे मूल्य त्यांना दिसत नाही. दर, देय क्षेत्र आणि रक्कम हे तिन्ही एकाच टप्प्यात लिहिले, तर रक्कम जुन्या दराने आणि जुन्या देय क्षेत्राने निघेल, आणि कोणतीही चूक न दाखवता दस्तऐवजात जाऊन बसेल. दुसऱ्या टप्प्यात लिहिली की तिला नवे दोन्ही आकडे दिसतात.

याच नियमाचा एक फायदा लूपवाल्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पंचनाम्यासोबत शेताचे स्थान नोंदवताना अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल होणे ही नेहमीची चूक आहे, कारण बोलताना अक्षांश आधी येतो आणि जिओजेसन या साठवणुकीच्या प्रकारात रेखांश आधी. कौंडण्यपूरचा अक्षांश सुमारे २१ आणि रेखांश सुमारे ७८. उलटे लिहिले की शेत नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक महासागरातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जाऊन पडते. दुरुस्तीला एकच टप्पा पुरतो: अक्षांशात रेखांशाचे मूल्य, रेखांशात अक्षांशाचे. दोन्ही पदावल्या जुना दस्तऐवज पाहत असल्याने मध्ये तात्पुरता रकाना लागत नाही. अक्षांश ६०च्या वर असलेलेच दस्तऐवज निवडण्याची अट पहिल्या भागात घातली की आधीच बरोबर असलेल्या नोंदींना धक्का लागत नाही.

आता मुद्द्यांकडे. लूपने उत्तर तेच येते, हा पहिला दावा. डेटाबेसवर दुसरे कोणी काम करत नसेल तर येते. पण पंचनाम्यांच्या दिवसांत असा क्षण असतो का? लूप एका कास्तकाराचा दस्तऐवज वाचतो. त्यात बाधित क्षेत्र १.२० हेक्टर आहे. लूप रक्कम काढत असताना तहसील कार्यालयात फेरपाहणीची नोंद होते आणि क्षेत्र १.८० होते. मग लूप आपली रक्कम लिहितो. दस्तऐवजात आता क्षेत्र १.८० आहे आणि रक्कम १.२०ची, म्हणजे २४,४८० रुपयांच्या जागी १६,३२०. ८,१६० रुपये एका माणसाच्या खात्यातून गेले, आणि कोणत्याही यादीत त्याची खूण नाही. दोन्ही प्रोग्रामांनी आपापले काम बिनचूक केले, असाच अहवाल निघेल.

ही तरी सौम्य स्थिती आहे. बरेच लूप रक्कम तेवढी लिहीत नाहीत. वाचलेला सबंध दस्तऐवज परत ठेवतात, कारण ते लिहायला सोपे पडते. अशा लूपच्या मधल्या वेळात कोणी बँक खात्याचा क्रमांक दुरुस्त केला असेल, तर लूप जुना क्रमांक परत बसवतो. दुरुस्ती झाल्याची पावती कास्तकाराच्या हातात, आणि पैसे चुकीच्या खात्यात. तिवशाच्या तहसिलीत हेलपाटे घालणाऱ्या माणसाला याचा उलगडा कोण करून देणार? डेटाबेसच्या आत केलेल्या अपडेटमध्ये ही फट राहत नाही. मोंगोडीबीत एका दस्तऐवजावरचे अपडेट अखंड असते. वाचणे, काढणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दुसऱ्याचे लिखाण शिरू शकत नाही. क्षेत्र आधी बदलले तर रक्कम नव्या क्षेत्राने निघते. नंतर बदलले, तर क्षेत्र बदलणाऱ्या आज्ञेनेच रक्कमही काढावी, आणि तीही त्याच पद्धतीने काढता येते.

यावर लूपची बाजू घेणारे म्हणतात, दस्तऐवजात आवृत्तीचा आकडा ठेवा, लिहिताना तो तपासा, जुळला नाही तर पुन्हा वाचा. उपाय बरोबर आहे. काउचडीबी या दस्तऐवजी डेटाबेसात तर तो सक्तीचाच आहे: दस्तऐवजाचा चालू आवृत्ती क्रमांक दिल्याशिवाय लिखाण स्वीकारले जात नाही, संघर्ष झाला की नकार मिळतो. पण मग सोपा लूप कुठे राहिला? त्यात आवृत्तीची तपासणी आली, नकार आला, पुन्हा प्रयत्न आला, किती वेळा प्रयत्न करायचा त्याची मर्यादा आली. सर्वांना वाचता येणारी पाच ओळींची गोष्ट पन्नास ओळींची झाली, आणि त्या पन्नास ओळींतून मिळाले ते डेटाबेस दोन टप्प्यांत देत होता तेवढेच.

दुसरा दावा असा की हिशेब प्रोग्राममध्ये केल्याने डेटाबेसवरचा भार कमी होतो. भार कशाचा असतो ते पाहावे. एक दस्तऐवज चार किलोबाइटचा धरला आणि असे एक लाख धरले, तर चारशे मेगाबाइट माहिती सर्व्हरवरून बाहेर जाते. सबंध दस्तऐवज परत लिहिणारा लूप तेवढीच पुन्हा आत आणतो. सर्व्हरला प्रत्येक दस्तऐवज शोधावा लागतो, वाचावा लागतो, पाठवावा लागतो, आणि मग दुसऱ्या फेरीत पुन्हा शोधून लिहावा लागतो. या सगळ्यात एक गुणाकार आणि एक तुलना वाचली. गोदामातले प्रत्येक पोते घरी नेऊन घरच्या काट्यावर तोलायचे आणि परत गोदामात टाकायचे, असा हा प्रकार आहे, आणि काटा गोदामातही आहे. लिखाणे गठ्ठ्याने पाठवण्याची सोय २०१४च्या २.६ आवृत्तीपासून आहे, तिने फेऱ्या कमी होतात हे खरे. पण माहिती बाहेर येणे टळत नाही आणि मधली फट तर उलट रुंदावते, कारण गठ्ठा भरेपर्यंत वाचलेले आकडे शिळे होत राहतात.

मोठे अपडेट सुरू असताना बाकीचे काम ठप्प होते, अशीही भीती घातली जाते. मोंगोडीबीचे साठवणूक इंजिन दस्तऐवजाच्या पातळीवर काम करते आणि अनेक दस्तऐवजांचे अपडेट अधूनमधून इतरांना वाट देत चालते. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: अनेक दस्तऐवजांचे अपडेट एकत्रितपणे अखंड नसते. मध्येच वीज गेली, जोडणी तुटली, तर काही दस्तऐवज नव्या रकमेचे आणि काही जुन्या रकमेचे राहू शकतात. इथे लूपवाले टाळी वाजवतात, पण ती त्यांच्याच अंगावर येते. लूप मध्ये तुटला तर काय होते? तेच होते, आणि कुठपर्यंत आला होता हे शोधण्याचे काम वर पडते.

तुटलेले काम पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न हाच या वादाचा गाभा आहे, आणि इथे एका सोप्या वाटणाऱ्या सवयीचाही समाचार घ्यावा लागतो. दर दुप्पट झाले ना, मग रकमेला दोनने गुणा, असा सल्ला अनेक जण देतील. गुणण्याची सोय मोंगोडीबीत २.६ आवृत्तीपासून आहे, शेजारचा कोणताही रकाना लागत नाही, आज्ञा एका ओळीची. या सल्ल्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही जीवघेणे आहेत. काम निम्म्यावर तुटले आणि पुन्हा चालवले, तर पहिल्या निम्म्या दस्तऐवजांची रक्कम चौपट होते. शेजारच्या रकान्यांवरून काढलेली रक्कम मात्र एकदा काढा की दहादा, तीच येते, कारण क्षेत्र, प्रकार आणि टक्केवारी बदललेली नसते. असे अपडेट तुटले की पहिल्यापासून पुन्हा चालवायचे, एवढाच उपाय पुरतो.

दुसरा दोष हिशेबातच आहे. कौंडण्यपूरच्या शिवारात दीड हेक्टर जिरायत कपाशी गेलेल्या कास्तकाराची जुनी रक्कम १०,२०० आणि नवी २०,४००. दुप्पट केलेली चालून जाते. २.४० हेक्टर गेलेल्याला जुन्या मर्यादेमुळे दोनच हेक्टरचे १३,६०० मिळत होते. दुप्पट केले तर २७,२००. खरा हिशेब २.४० गुणिले १३,६००, म्हणजे ३२,६४०. ३.२० हेक्टर गेलेल्याची जुनी रक्कमही १३,६००च होती, कारण मर्यादा दोनच हेक्टरची. दुप्पट केल्यावर त्याचेही २७,२००, आणि खरे देय तीन हेक्टरचे ४०,८००. म्हणजे एकाला ५,४४० रुपये कमी, दुसऱ्याला १३,६०० कमी. जुन्या रकमेत दोन्ही कास्तकार सारखे दिसत होते. त्यांच्यातला फरक फक्त बाधित क्षेत्राच्या रकान्यात जिवंत होता. जुन्या उत्तरावरून नवे उत्तर काढणाऱ्याने तो रकाना पाहिलाच नाही. मूळ रकान्यांकडे परत जायचे कशासाठी, याला याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

तिसरा दावा तत्त्वाचा म्हणून मांडला जातो: नियम प्रोग्राममध्ये असावेत, डेटाबेसमध्ये नसावेत. नियमाची मांडणी प्रोग्रामच्या भांडारात असावी, तिची आवृत्ती ठेवली जावी, तिची चाचणी व्हावी, हे कोणीच नाकारत नाही. पाइपलाइनही तिथेच लिहिली जाते. ती प्रोग्रामच पाठवतो. डेटाबेस तिची अंमलबजावणी करतो. नियम कुठे लिहिला आणि तो कुठे चालला, या दोन गोष्टी एक समजल्याने हा दावा उभा राहिला आहे. उलट एकाच कलेक्शनवर मोबाइल अ‍ॅप, तहसिलीतला संगणक आणि रात्री चालणारे काम असे तीन प्रोग्राम लिहीत असतील, आणि प्रत्येकाने रक्कम आपापल्या भाषेत काढली, तर एका ठिकाणी मर्यादा तीन हेक्टर आणि दुसऱ्या ठिकाणी अजून दोनच राहण्याची शक्यता किती?

त्यातही भाषेचा फरक वेगळा. क्षेत्राचा आकडा अक्षरांच्या रूपात साठवला गेला असेल, तर जावास्क्रिप्टच्या लूपमध्ये अधिकचे चिन्ह बेरीज न करता जोडणी करते. लागवडयोग्य १.२० आणि पोटखराब ०.४० यांचे एकूण १.२००.४० होते आणि तसेच दस्तऐवजात जाते. मोंगोडीबीच्या बेरजेच्या पदावलीला असे मूल्य दिले की ती चूक दाखवते आणि थांबते. नाव जोडतानाही तसेच आहे. वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचा रकाना नसलेल्या व्यक्तीचे पूर्ण नाव लूपमधून जोडले की मध्ये ‘अनडिफाइंड’ हा इंग्रजी शब्द चिकटतो आणि तो मंजुरीच्या यादीवर छापून येतो. डेटाबेसची पदावली अशा वेळी सबंध नावच रिकामे ठेवते. रिकामे नाव निदान शोधता येते. रिकाम्या जागी पर्यायी मूल्य देण्याची पदावली हाताशी आहेच.

चौथा दावा असा की दस्तऐवजी डेटाबेस या कामासाठी नाहीच. एसक्यूएलमध्ये एका स्तंभावरून दुसरा स्तंभ काढून अपडेट करणे १९७०च्या दशकापासून चालत आले आहे, हे खरे. पण दस्तऐवजी डेटाबेसांपैकी किती जणांनी ते नाकारले आहे? काउचबेसमध्ये अपडेटची आज्ञा एसक्यूएलसारखीच लिहिली जाते आणि उजव्या बाजूला दुसरा रकाना चालतो. इलॅस्टिकसर्चमध्ये निवडलेल्या सगळ्या दस्तऐवजांवर छोटी स्क्रिप्ट चालवून एका रकान्यावरून दुसरा भरता येतो. मोंगोडीबीत २०१९पासून ही सोय आहे. एसक्यूएलच्या बाजूच्या पोस्टग्रेसमध्येही ९.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४पासून, जेसनबी प्रकारात दस्तऐवज साठवता येतात. दोन्ही बाजू एकमेकींकडे चालत आल्या, आणि मतवाले मात्र दहा वर्षांपूर्वीच्या वेशीवर उभे आहेत.

दस्तऐवजाच्या रचनेत तर एसक्यूएलहून सोपे पडणारे हिशेबही आहेत. एका गटात चार सहहिस्सेदार असतील, तर त्यांच्या क्षेत्रांची यादी त्याच दस्तऐवजात असते. तिची बेरीज करून एकूण क्षेत्राशी ताडणे ही एका पदावलीची गोष्ट आहे, दुसरे कोष्टक जोडावे लागत नाही.

शेवटचा दावा शुद्धतावाद्यांचा: काढता येणारा आकडा साठवूच नये. हा दावा ऐकायला भारदस्त आहे. सातबाऱ्यावर लागवडयोग्य आणि पोटखराब क्षेत्र आहे, एकूण क्षेत्र वाचणाऱ्याने बेरीज करून घ्यावी, असे या न्यायाने म्हणता येईल. २०२०मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा या दोहोंची बेरीज एकूण क्षेत्र म्हणून दाखवण्याची तरतूद मुद्दाम करण्यात आली, कारण लोकांना तोच आकडा लागतो. डेटाबेसलाही तोच लागतो. रकमेनुसार क्रम लावायचा, ठरावीक रकमेवरच्या नोंदी वेगळ्या काढायच्या, तर त्या रकान्यावर इंडेक्स हवा, आणि मोंगोडीबीत इंडेक्स साठवलेल्या रकान्यावर होतो, पदावलीवर होत नाही. न साठवलेली रक्कम शोधायची म्हणजे प्रत्येक वेळी प्रत्येक दस्तऐवज उघडायचा.

त्याहून वजनदार कारण काळाचे आहे. मंजूर झालेली रक्कम ही त्या दिवसाच्या नियमाने झालेली गोष्ट असते. केंद्राच्या आपत्ती निवारण निधीचे २०२२ ते २०२६ या काळाचे हेक्टरी दर ८,५००, १७,००० आणि २२,५०० असे वेगळे आहेत. वाचताना रक्कम काढणारा प्रोग्राम नियम बदलताच मागच्या सगळ्या मंजुऱ्या नव्या दराने दाखवू लागेल. ज्याच्या खात्यात ४०,८०० जमा झाले, त्याच्या नोंदीत दुसराच आकडा दिसेल. लेखापरीक्षणात याला काय उत्तर देणार? रक्कम साठवलीच पाहिजे, सोबत दर साठवला पाहिजे, कोणत्या निकषाने काढली तेही साठवले पाहिजे; आणि हे तिन्ही एकाच अपडेटमध्ये बसवता येतात, म्हणून रक्कम आणि तिचे कारण यांची ताटातूट होत नाही.

पाइपलाइनीत धोके नाहीत असे कोणी म्हणू नये. ते कुठे आहेत हे ठाऊक असले म्हणजे झाले. सर्वांत वाईट धोका ‘लहान मूल्य’ काढणाऱ्या पदावलीत आहे. बाधित क्षेत्राचा रकानाच नसेल, तर ती गैरहजर मूल्य सोडून देते आणि उरलेला तीन हाच आकडा परत करते. क्षेत्र न नोंदवलेल्या माणसाला पूर्ण तीन हेक्टरची मदत मंजूर होते. देवनागरी कळफलकावरून ‘१.५०’ असे अक्षरांत भरलेले क्षेत्रही याच सापळ्यात अडकते, कारण मोंगोडीबीच्या क्रमवारीत कोणतीही संख्या कोणत्याही अक्षरमालेपेक्षा लहान धरली जाते. लहान मूल्य पुन्हा तीनच. वऱ्हाडातल्या कोणत्याही खऱ्या कलेक्शनमध्ये देवनागरी अंक सापडतीलच, आणि संख्येत बदलणारी पदावली त्यांना ओळखत नाही. तिला आंतरराष्ट्रीय अंक लागतात. म्हणून आज्ञेच्या पहिल्या भागात, निवडीच्या अटीतच, बाधित क्षेत्र संख्या असलेलेच दस्तऐवज घ्यावेत आणि बाकीच्यांची वेगळी यादी काढून आधी अंक बदलून घ्यावेत. हेच काम लूपमध्ये केले, तर जावास्क्रिप्टचे गणित अशा जागी ‘संख्या नाही’ हे मूल्य काढते आणि तेच रक्कम म्हणून साठवते. धोका दोन्हीकडे आहे. अट घालून तो दारातच अडवण्याची जागा डेटाबेसच्या आज्ञेत आधीपासून आहे, लूपमध्ये ती प्रत्येकाला आठवणीने बांधावी लागते.

चौकोनी कंस विसरला, तर आज्ञा जुन्या पद्धतीची धरली जाते, आणि डॉलरचे चिन्ह लावलेले रकान्याचे नाव मूल्य न होता अक्षरे म्हणूनच प्रत्येक दस्तऐवजात बसते. रुपये-पैसे आणि हेक्टर-आर यांच्यासाठी साधी दशांश संख्या वापरू नये, ३.४ आवृत्तीपासून उपलब्ध असलेला अचूक दशमान प्रकार वापरावा, म्हणजे शेवटच्या पैशापाशी घोळ होत नाही. गावाच्या नावावरून निवड करायची असेल, तर कौंडण्यपूर, कौंडिण्यपूर, कौंडिन्यपूर अशी सगळी रूपे एकाच कलेक्शनमध्ये आढळतील. निवड नावावर न करता गावाच्या शासकीय कोडवर करावी.

लूपला जागा उरते ती दोन ठिकाणी. रकमेसाठी बाहेरच्या सेवेला विचारावे लागत असेल, जसे बँकेकडून खाते पडताळणे, तर ते डेटाबेसच्या आत होणार नाही. आणि लागणारे मूल्य दुसऱ्या कलेक्शनमध्ये असेल, तर अपडेटच्या पाइपलाइनीत ते जोडता येत नाही. पण तिथेही आधी ‘मर्ज’ टप्प्याची पाइपलाइन पाहावी, तीही ४.२पासूनच आहे आणि निकाल थेट कलेक्शनमध्ये मिसळते. शेजारच्या रकान्यांवरून रकाना भरण्यासाठी, म्हणजे ज्या कामासाठी लूप रोज लिहिला जातो त्या कामासाठी, लूपचे समर्थन करण्याजोगे काहीही शिल्लक नाही. त्याने आकडे शिळे होतात, दुसऱ्याची दुरुस्ती पुसली जाते आणि तुटलेले काम पुन्हा कुठून सुरू करायचे ते कळत नाही. ज्या दस्तऐवजात क्षेत्र आहे, त्यातच प्रकार आहे, त्यातच टक्केवारी आहे, तो दस्तऐवज आपली रक्कम काढू शकतो. त्याला काढू द्यावी.

आणि काढून झाल्यावर तपासावी. २०१७च्या ३.६ आवृत्तीपासून निवडीच्या अटीतही पदावली चालते, म्हणजे एकाच दस्तऐवजातले दोन रकाने एकमेकांशी ताडून शोध घेता येतो. ज्या दस्तऐवजांत रक्कम ही देय क्षेत्र गुणिले दर यांच्या बरोबरीची नाही, नुकसान मात्र ३३ टक्क्यांहून कमी नाही, असे सगळे दस्तऐवज मोजावेत. ज्यांत नुकसान कमी आणि तरी रक्कम शून्य नाही, तेही मोजावेत. दोन्ही मोजण्या शून्य आल्यावरच यादी कोषागाराकडे जावी.